पहिली निर्मिती: छोटा मराठी चित्रपट की लांब माहितीपट?

गेल्या वर्षभरात तिघांनी मला हाच प्रश्न विचारला. तिघंही पाच-सात वर्षं दुसऱ्यांच्या युनिटमध्ये राबलेले. हाताशी थोडे साठवलेले पैसे, थोडे सासऱ्यांचे, आणि आता स्वतःच्या नावावर काहीतरी काढायचंय. मी एक चित्रपट आणि दोन माहितीपट काढलेत. त्यामुळे माझं माप थोडं एकीकडे झुकलेलं आहे, हे आधीच सांगून टाकतो.

चित्रपटाचे पैसे एकदम येतात आणि एकदम जातात. ते बहुतेक वेळा एकाच माणसाकडून येतात. तो बांधकामवाला असतो नाहीतर कुणाचा तरी मेहुणा, आणि त्याच्या पुतण्याला एक प्रसंग लागतो. मला तर पुतण्याचं काही वाटलं नाही, पोरगा बरा होता. जाच होता तो रोजच्या आकड्याचा. युनिट साठ माणसांचं. पाऊस आला, नटाचा घसा बसला, तरी नाश्ता, जेवण, गाड्या, भत्ते चालूच. अठ्ठावीस दिवसांच्या चित्रीकरणात मी आभाळाकडे जेवढं बघितलं तेवढं शेतकऱ्यानंही बघितलं नसेल.

माहितीपटाला चार माणसं आणि एक वॅगनआर पुरते. पाऊस आला तर टपरीवर बसायचं. दोन-तीनदा तर टपरीवर जे सापडलं तेच शेवटी माहितीपटात राहिलं. पण पैसे थेंबाथेंबानं येतात. माहितीपटवाल्यांची पैसे देणाऱ्यांशी गाठ घालून देणारं कोलकात्याचं डॉकएज, गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या वेळी भरणारा फिल्म बाजार, ॲमस्टरडॅमच्या इडफा या माहितीपट महोत्सवाचा बर्था फंड, अशा ठिकाणी अर्ज करायचे, जमेल तिथं समोर उभं राहून पिच करायचं, म्हणजे आपला विषय पटवून द्यायचा. पहिल्या माहितीपटासाठी मी अकरा अर्ज केले आणि एक लागला. पूर्वी दूरदर्शन आणि पीएसबीटी (माहितीपटांना पैसे देणारा एक ट्रस्ट) यांच्या जोडीनं कित्येकांचे पहिले माहितीपट उभे राहिले. आज त्या भरवशावर घर सोडून निघू नये. मधल्या काळात मी कंपन्यांच्या सीएसआरच्या, म्हणजे समाजकार्याच्या, फिल्म्स केल्या, दोन लग्नंसुद्धा शूट केली. घर बायकोच्या पगारावर चाललं. हे ज्याला जमणार नाही त्यानं इथंच थांबून चित्रपटाचा विचार करावा. यात मी थट्टा करत नाही.

अनुदानाचं काय, असं विचाराल. दर्जेदार मराठी चित्रपटांसाठी राज्य सरकारची योजना आहे. मला माहीत असलेले तिचे आकडे अ दर्जाला ४० लाख आणि ब दर्जाला ३० लाख असे. छोट्या निर्मात्याला तो मोठा आधार आहे, नाकारण्यात अर्थ नाही. फक्त चित्रपट पुरा झाल्यावर, समितीनं बघितल्यावर दर्जा ठरतो. म्हणजे ते भांडवल नव्हे. पहिल्याच बजेटात ते जमेच्या बाजूला मांडलेलं मी पाहिलंय (आणि एकदा स्वतः मांडलंयही). व्याजाला समितीची तारीख ठाऊक नसते.

इथपर्यंत दोन्ही पारडी साधारण सारखीच म्हणा. माझं मत फिरलं ते एका गुरुवारी.

चित्रपट शुक्रवारी लागतो. कुठं आणि किती वाजता लागतो हे, निदान आमच्यासारख्यांना, गुरुवारी रात्री कळतं. आठ वाजल्यापासून मी फोन हातात धरून बसलो होतो. पावणेदहाला यादी आली. अख्ख्या पुण्यात तीन शो. एक सकाळी सव्वादहाचा, तोही शहराच्या पार टोकाला. पोस्टरवर छापलेल्या थिएटरांपैकी दोन यादीत नव्हतीच. सदाशिव पेठेतली माझी मावशी भिशीच्या बायकांना घेऊन दोन रिक्षा करून त्या सव्वादहाच्या शोला गेली. खिडकीवरच्या मुलानं अदबीनं सांगितलं, "आजी, पाचच जणी आहात, शो रद्द केलाय." मावशीनं तिथूनच मला फोन लावला. माझ्यापेक्षा तीच जास्त चिडली होती. "अरे, आम्ही सहा आहोत! कुसुम तेवढी बाथरूमला गेलीय."

मल्टिप्लेक्समध्ये मराठीला शो मिळावा म्हणून २०१५ साली सरकारनं पाऊल उचललं होतं, आठवत असेल. आधी संध्याकाळी सहा ते नऊ म्हटलं, मग ते दुपारी बारा ते रात्री नऊ असं ऐसपैस केलं. पण अशानं जागा मिळते ती मराठी चित्रपटाला. तुमच्याच चित्रपटाला मिळेल असं नाही, आणि त्याच शुक्रवारी आणखी दोन मराठी चित्रपट लागलेले असतात.

तोटा मी धरूनच चाललो होतो. सलत राहिलं ते हे, की अडीच वर्षांचं काम एका यादीवर टांगलेलं होतं आणि ती यादी करणाऱ्या माणसाला मी आजतागायत बघितलेलं नाही. पुढचे चार दिवस नातेवाईक विचारत होते, "कुठं लागलाय?" मंगळवारी मी सांगायला लागलो, "ओटीटीवर येईल." तेव्हा तसं काहीच ठरलं नव्हतं.

आता खरं बोलायचं तर माहितीपटाला थिएटर जवळजवळ नसतंच. गंमत म्हणजे एके काळी होतं. १९४८ साली सुरू झालेल्या फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेच्या माहितीपटांची रिळं मुख्य चित्रपटाआधी दाखवणं थिएटरांना बंधनकारक होतं. लोक तेवढ्यात शेंगदाणे घेऊन यायचे, पण शो मिळायचा! ती संस्था २०२२ मध्ये एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळात विलीन झाली. आता वर्षाआड मुंबईत मिफ्फ हा माहितीपटांचा महोत्सव, बाकी महोत्सव, फिल्म सोसायट्या, महाविद्यालयं. "कुठं बघायला मिळेल?" हा प्रश्न इथंही सुटत नाही.

तरीही फरक आहे. माझा दुसरा माहितीपट रायगडातल्या एका मिठागरावर आहे. तो पुरा झाल्यावर आम्ही प्रोजेक्टर गाडीत टाकला आणि तिथल्या शाळेच्या ओट्यावर पांढरी चादर ताणून दाखवला. ज्यांच्यावर तो आहे ते काका पुढच्या रांगेत बसले होते. मीठ ओढतानाचा एक शॉट मला फार आवडतो. मावळतीचा उजेड, पाण्यात आभाळ. तो आला तसे काका मोठ्यानं म्हणाले, "बांध फुटलाय बघ तिथं, तेवा दिसलाच नाय." मग सगळी रांग पुढं सरकून तो फुटका बांध बघायला लागली. ती सव्वासातची वेळ मी ठरवली होती, आणि रद्द करणारं कुणी नव्हतं.

याचा अर्थ माहितीपट सुखाचा आहे असं नाही. दुसऱ्या हंगामात काका आजारी पडले आणि आमचं वर्ष गेलं. रफ कट, म्हणजे कच्चं संकलन, बघून त्यांच्या मुलीनं एक प्रसंग काढायला सांगितला. सगळ्यात चांगला होता. काढला. शिवाय तो संपत नाही: एकशेचाळीस तासांचं फुटेज, कपाटात साड्यांच्या घडीत ठेवलेल्या हार्ड डिस्क, आणि घरी रोज, "झालं का रे?"

ज्यांना शेवटी चित्रपटच काढायचाय त्यांनाही मी भीत भीत माहितीपटापासून सुरुवात करा म्हणेन. फाळक्यांनी १९१२ साली भांडवल उभं करण्यासाठी काय दाखवलं होतं? कुंडीतल्या वाटाण्याचं रोप, रोज थोडं थोडं टिपलेलं. नट नाही, सेट नाही, जेवणावळी नाहीत.

आणि चित्रपटच पक्का असेल, तर नारळ फोडायच्या आधी प्रसिद्धीचे पैसे वेगळ्या खात्यात टाका. ते चित्रीकरणाच्या बाविसाव्या दिवशी लागतील, तरी काढू नका. पोस्टरवर थिएटरांची नावं छापू नका. मावशीला पहिल्या दिवशी पाठवणार असाल तर आठ बायका गोळा करायला सांगा.