भाजल्यावरचे प्रकाशोपचार: उघडी जखम आणि भरून आलेला वण

भाजलेल्या माणसाच्या घरच्यांना कोणी ‘लेसरने बरे वाटेल’ असे सांगितले, तर सांगणारा जखमेबद्दल बोलतो आहे की वणाबद्दल, हे आधी विचारून घ्यावे, कारण या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळे उपचार येतात. पहिल्यात उघड्या जखमेवर मंद लाल किंवा अवरक्त प्रकाश टाकून पेशींना चालना दिली जाते आणि त्वचा जेमतेम कोमट होते. दुसऱ्यात जखम भरून आल्यावर उरलेल्या वणावर तीव्र किरण सोडून मुद्दाम सूक्ष्म इजा केली जाते. एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर खपवले गेल्यामुळे अनेकांचा निर्णय चुकतो.

मंद प्रकाशाच्या उपचाराची सुरुवात १९६७ च्या सुमारास बुडापेस्टमध्ये डॉक्टर एंद्रे मेस्टर यांच्या प्रयोगांतून झाली. भादरलेल्या उंदरांवर क्षीण माणिक लेसर सोडल्यावर त्या जागी केस लवकर उगवल्याचे त्यांना दिसले आणि पुढे त्यांनी हाच प्रकाश न भरणाऱ्या जखमांवर वापरून पाहिला. आज साधारणपणे ६०० ते ७०० नॅनोमीटरचा लाल आणि ७८० ते ११०० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश वापरतात. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामधले (पेशीसाठी ऊर्जा तयार करणाऱ्या भागांतले) सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) तो शोषते आणि पेशीची ऊर्जानिर्मिती वाढते, हे त्यामागचे सर्वाधिक मानले जाणारे स्पष्टीकरण आहे. मात्रेचे गणित मात्र नाजूक असते. दर चौरस सेंटीमीटरला ५० मिलिवॉट प्रकाश ८० सेकंद दिला, तर ४ ज्यूल ऊर्जा पोहोचते. मात्रा फार कमी असेल तर काहीच घडत नाही आणि फार वाढवली तर पेशींचे काम उलट मंदावते. म्हणून ‘जास्त वेळ दिला तर जास्त गुण’ हा हिशेब येथे लागू पडत नाही.

हा प्रकाश लेसरचा असावा की एलईडीचा, यावर बराच वाद घातला जातो. तरंगलांबी आणि मात्रा सारखी असेल तर दोहोंच्या परिणामांत मोठा फरक पडत नाही, असे बरेच अभ्यास सुचवतात. लेसरने ठिपक्याठिपक्याने जखम भरून काढावी लागते, तर एलईडीचे पटल मोठा भाग एकाच वेळी उजळवते. त्यामुळे पसरट भाजणीसाठी मी एलईडीला पसंती देईन. निळा प्रकाश जिवाणूंवर परिणाम करतो. तो वेगळ्या हेतूने वापरला जातो, त्याला जखम भरण्याचा उपाय समजू नये.

खरा निर्णय जखमेच्या खोलीवर ठरतो. वरवरच्या फोडांची जखम नीट मलमपट्टी केली तर साधारण दोन आठवड्यांत आपोआप भरते, त्यामुळे तेथे प्रकाशाने मिळणारा फायदा झाला तरी थोडाच असतो. त्वचेचा संपूर्ण थर जळाला असेल, तर नवी त्वचा जिच्यापासून उगवावी अशी पेशींची बीजेच त्या जागी उरत नाहीत. छोटी जखम कडांकडून आक्रसत भरेल, पण मोठ्या जागेला त्वचारोपण लागते आणि कोणताही प्रकाश त्याची जागा घेऊ शकत नाही. प्रश्न उरतो तो मधल्या, खोल अर्धथरी जखमांचा, म्हणजे जिथे त्वचा खोलवर पण पूर्ण जाडीभर जळालेली नसते अशा जखमांचा. प्राण्यांवरचे निष्कर्ष आशादायक आहेत. माणसांवरचे अभ्यास मात्र लहान आहेत आणि प्रत्येकाची मात्रा वेगळी आहे. कर्करोगाच्या उपचारांत तोंड सोलवटते, तेथे या प्रकाशाला आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत स्थान मिळाले आहे. भाजणीच्या बाबतीत तेवढा भक्कम आधार अजून नाही. तीन आठवड्यांत न भरणाऱ्या जखमेवर जाड, ओढणारा वण येण्याचा धोका वाढतो, म्हणून ‘आधी प्रकाश देऊन बघू’ म्हणत शस्त्रक्रिया लांबवणे मला गंभीर चूक वाटते. जळालेली त्वचा लवकर काढून लगेच रोपण करण्याची पद्धत शल्यविशारद झोरा यान्झेकोविच यांनी १९७० मध्ये मांडली, आणि तिने असंख्य रुग्णांचे पुढचे हाल वाचवले आहेत.

वणाच्या बाबतीत लेसरचे पारडे अधिक जड आहे. १०,६०० नॅनोमीटरचा अंशात्मक (फ्रॅक्शनल) कार्बन डायऑक्साइड लेसर ऊतींतल्या पाण्यात शोषला जातो आणि वणात बारीक उभी छिद्रे पाडतो. ती भरताना कोलॅजनची (त्वचेला बळकटी देणाऱ्या प्रथिनाची) मांडणी बदलते, वण मऊ पडतो आणि आखडलेला सांधा थोडा मोकळा होऊ शकतो. ५९५ नॅनोमीटरचा पल्स्ड डाय लेसर हिमोग्लोबिनमध्ये शोषला जातो, म्हणून तो लाल, खाजणाऱ्या, कोवळ्या वणाला अधिक शोभतो. दोहोंच्याही अनेक बैठका लागतात, मधे काही आठवड्यांचे अंतर असते, वेदनाही होते, आणि गडद त्वचेवर रंग बदलण्याचा धोका असल्याने लेसरची ऊर्जा बेताचीच ठेवावी लागते. वणावर दाब देणारे घट्ट कपडे, सिलिकॉनचे लेप किंवा पट्ट्या आणि व्यायाम चालूच ठेवायचे असतात.

घरगुती लाल दिव्यांच्या खोक्यावर बहुधा नुसते वॉट लिहिलेले असतात. ठरावीक अंतरावर त्वचेपर्यंत किती प्रकाश पोहोचतो, हा आकडा त्यावर नसेल तर मात्रा मोजताच येत नाही. शिवाय जखमेवर अपारदर्शक मलमाचा थर असेल तर प्रकाश आत पोहोचत नाही, आणि तो थर घरी खरवडून काढणे म्हणजे संसर्गाला वाट करून देणे होय. त्वचेची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता वाढवणारी काही प्रतिजैविके, उदाहरणार्थ डॉक्सिसायक्लिन, चालू असतील तर ते उपचार करणाऱ्याला आधी सांगावे. डोळ्यांवर संरक्षक चष्मा प्रत्येक वेळी हवाच.