बॅटमॅन (१९६६) ब्लू-रे संच: तिन्ही सीझन संपल्यावर

बॅटमॅनच्या जुन्या टीव्ही मालिकेचा हा संच उन्हाळ्यात घेतला, आता दिवाळी उलटून गेली. तिन्ही सीझन बघून झाले, त्यामुळे बोलायला हरकत नाही.

क्रिस्टोफर नोलनच्या सिनेमांतला गंभीर बॅटमॅन डोक्यात ठेवून बसाल तर दहा मिनिटांत उठाल. ॲडम वेस्टचा बॅटमॅन भर उन्हात गोथम या आपल्या शहरात फिरतो, गुंडांमागे धावतानाही साथीदार रॉबिनला सीटबेल्टची आठवण करून देतो, आणि हे सगळं चेहऱ्यावरची रेष न हलवता. खरी गंमत त्या निर्विकारपणात आहे. पोरांना थरार वाटतो, मोठे पोट धरून हसतात.

एबीसी या अमेरिकन वाहिनीवर ही मालिका जानेवारी १९६६ ते मार्च १९६८ एवढीच चालली, पण भाग तब्बल १२०. निर्मिती फॉक्स स्टुडिओची, पात्रं डीसी या कॉमिक्स कंपनीची. या हक्कांच्या भानगडीत अधिकृत डिस्क यायला २०१४ उजाडलं. १९६६चा चित्रपट मात्र संचात नाही, तो वेगळा घ्यावा लागतो.

प्रिंट लख्ख आहे, कधीकधी जरा जास्तच. सीझर रोमेरोने जोकरसाठी मिशी काढायला नकार दिला आणि मेकअपवाल्यांनी तिच्यावरच पांढरा रंग थापला. क्लोजअपमध्ये त्या रंगाखालचे केस सरळ दिसतात. मारामारीत स्टंटवाल्यांचे चेहरेही ओळखू येतात. भिंत चढायच्या प्रसंगात भिंत प्रत्यक्षात आडवी आहे, हेही लपत नाही. मला तर हे सगळं बघायलाच मजा आली.

पण पैसे वसूल झाले ते खलनायकांवर. जुन्या हॉलिवूडची अर्धी फौज इथे हजेरी लावून जाते. 'लॉरा' (१९४४) दिग्दर्शित करणारा ऑटो प्रेमिंजर इथे सगळं गोठवणारा मिस्टर फ्रीझ, आणि त्याच 'लॉरा'त काम केलेला व्हिन्सेंट प्राइस अंड्यांवरून कोट्या करणारा एगहेड! फ्रीझ आधी जॉर्ज सँडर्सने केला होता. 'ऑल अबाऊट ईव्ह'साठी (१९५०) ऑस्कर मिळवलेला हा माणूस गोठवायच्या धमक्याही कंटाळल्यासारख्या, मखमली आवाजात देतो. प्रेमिंजर नुसता आरडाओरडा करतो. माझं मत सँडर्सला. त्या सिनेमातली ईव्ह, म्हणजे ॲन बॅक्स्टर, इथे दोन वेगवेगळ्या खलनायिका साकारते. मग मला नादच लागला: आठवड्यात भाग बघायचे आणि शनिवारी रात्री त्यातल्या कुणाचा तरी जुना सिनेमा शोधायचा. 'लॉरा' पाहायचा मुहूर्त या एगहेडमुळे लागला, हे कुणाला सांगायला जरा लाज वाटते, पण आहे ते आहे.

तिसरा सीझन पडेल आहे. पैसे आखडल्याचं सेटवरून कळतं. आठवड्याला दोनाऐवजी एकच भाग झाल्यामुळे 'उद्या काय होणार' ही धाकधूकही बरीचशी गेली. यव्हॉन क्रेगची बॅटगर्ल आणि अर्था किटची कॅटवुमन होत्या म्हणून तो शेवटपर्यंत बघितला. (तरी कॅटवुमन म्हणजे आधीच्या सीझनमधली ज्युली न्यूमारच. यावर चर्चा नाही.)

एका बैठकीत चार-पाच भाग ओढू नका. लाल फोन, खांबावरून घसरगुंडी, सापळा, सुटका. साचा तोच असल्याने लगेच अजीर्ण होतं. मुळात बुधवार-गुरुवारी मिळून एक गोष्ट संपायची, म्हणून दोनच भाग बघावेत.

विक्रेत्याने पॅकिंगला कंजुषी केल्याने खोक्याचा कोपरा चेपलेला आला. डिस्क सगळ्या ठीक चालतात, म्हणून परत पाठवायच्या भानगडीत पडलो नाही.

घेणार असाल तर पहिल्या दोन भागांतला फ्रँक गॉर्शिनचा रिडलर, म्हणजे कोडी घालणारा खलनायक, बघा. त्याचं ते किंचाळतं हसणं सोसलं, तर पुढचं सगळं चालेल. नाही सोसलं, तर संच मित्राला देऊन टाका.