कयाकचे रॉड होल्डर घेताना माझी झालेली फसवणूक: बॉडीला भोक पाडण्याआधी वाचा

कयाकवर, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या अरुंद होडीवर, बसून गळ टाकणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. रॉड होल्डर, म्हणजे गळाचा रॉड अडकवून ठेवायचा आधार, म्हणून मला जो माल विकला गेला, तोच माल आजही वेगवेगळ्या नावांनी विकला जातोय. ही फसवणूक अशी बेतलेली आहे की कयाकच्या बॉडीला भोक पाडून होल्डर बसवेपर्यंत काहीच कळत नाही, आणि एकदा भोक पाडलं की विक्रेता 'वापरलेला माल' म्हणून हात वर करतो.

सेटमध्ये सीटच्या मागे बॉडीत बसवायच्या दोन तिरक्या नळ्या होत्या, ज्यांना फ्लश माउंट म्हणतात, आणि समोर लावायचा, कोन बदलता येणारा एक होल्डर. जाहिरातीत लिहिलं होतं: नळ्यांची कडी आणि स्क्रू ३१६ ग्रेडच्या (खाऱ्या पाण्यासाठी वापरतात त्या) स्टेनलेस स्टीलचे, होल्डर ग्लास फायबर मिसळलेल्या नायलॉनचा, सगळं वॉटरप्रूफ, वर आजीवन वॉरंटी. सोबत एक व्हिडिओ. टेबलावर बसवलेल्या होल्डरला पाण्याने भरलेली बादली टांगलेली आणि होल्डर जागचा हलत नाही.

तो व्हिडिओच मुळात दिशाभूल करणारा आहे. बादलीचं वजन होल्डरला सरळ खाली, टेबलावर दाबतं. मासा तसा ओढत नाही. तो रॉडच्या टोकाला ओढतो आणि अख्खा रॉड तरफेसारखा होल्डरच्या बुडावर काम करतो. साधा हिशेब करून बघा. रीलचा ड्रॅग (किती ओढीला दोरी सुटू लागेल ती मर्यादा) ३ किलोवर लावलाय आणि वाकलेल्या रॉडचं टोक बुडापासून दीड मीटरवर आहे, तर बुडाशी साडेचार किलो-मीटरचा (३ किलो गुणिले दीड मीटर) पीळ येतो. ओढ सोसणारे स्क्रू बुडाच्या पलीकडच्या कडेपासून ५ सेंटीमीटरवर असतील, तर त्यांना मिळून ९० किलोच्या आसपास उपटणारा जोर सोसावा लागतो. गळ तळाच्या दगडात अडकला आणि कयाक प्रवाहाबरोबर पुढे जात राहिली, तर याहूनही जास्त.

आणि हा जोर सोसायला त्यांनी दिले होते साधे सेल्फ-टॅपिंग, म्हणजे नट न लावता थेट प्लास्टिकमध्ये पिळायचे, स्क्रू! बहुतेक कयाक पॉलिइथिलिनच्या असतात आणि त्यांची भिंत जेमतेम काही मिलिमीटर जाडीची असते. त्या मऊ प्लास्टिकमध्ये स्क्रूच्या आट्यांना धरायला काही मिळत नाही. ट्रोलिंग (चालत्या कयाकमागे गळ ओढत नेणं) करताना मासा लागला, समोरच्या होल्डरचे कोन पक्का धरणारे दाते कट्‌कट् करत घसरले, रॉड पाण्याकडे कलला आणि मागचे दोन्ही स्क्रू उपटून वर आले. त्यांच्या आट्यांत कयाकच्याच रंगाची प्लास्टिकची बारीक साल गुंडाळलेली होती. रॉडला लीश (कयाकला जोडलेली दोरी) बांधलेली होती म्हणून रॉड-रील वाचलं.

पण मला जास्त राग आहे तो त्या नळ्यांचा, कारण तिथे प्रश्न जिवाचा आहे. जाहिरातीतले सगळे फोटो नळीचे वरून काढलेले. प्रत्यक्षात दोन्ही नळ्या खालून उघड्या होत्या. वल्ह्यावरून ओघळणारं पाणी, लाटेचं पाणी, सगळं नळीतून थेट बॉडीच्या आत. विचारल्यावर विक्रेत्याचं उत्तर आलं, "पाणी साचू नये म्हणून खालून उघडी ठेवलीय." मोठ्या बोटीत हे चालतं, तिथे तळाशी पाणी जमायला जागा असते आणि ते उपसायला पंप असतो. कयाकचं अंग बंद असतं. आत गेलेलं पाणी काठावर येऊन ड्रेन प्लग (पाणी काढायचं बूच) उघडेपर्यंत आतच राहतं. तुम्ही जरा एका बाजूला झुकलात की ते सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि कयाक सावरायच्या ऐवजी आणखी कलते. किनाऱ्यापासून लांब असताना हे झालं तर माणूस पाण्यात पडतो. असा माल 'वॉटरप्रूफ' म्हणून विकणं मी नुसती लबाडी मानत नाही, तो गुन्हा आहे.

नळीच्या कडेने पाणी शिरू नये म्हणून सिलिकॉनची एक ट्यूबही दिली होती. पॉलिइथिलिनला सिलिकॉन काय किंवा गोंद काय, नीट धरतच नाही. वाळल्यावर नखाने उचललं तर पट्टीसारखं अख्खं निघून आलं. या जागी रबराचं गॅस्केट (फट बंद करणारी चकती) लागतं आणि ते बोल्टने आवळलेलं लागतं. सीलंट फक्त जोडीला.

खाऱ्या पाण्यात नेल्यावर कड्यांभोवती तपकिरी वर्तुळं उमटली. विक्रेता म्हणाला, असे डाग चांगल्या स्टेनलेसवरही पडतात, गोड्या पाण्याने धुवा. हे अर्धसत्य आहे. मीठ साचून राहिलं तर ३१६वरही पृष्ठभागावर डाग येतात, पण ते पुसून निघतात. इथे डागाशेजारी टोकदार खिळ्याने ओरखडलं तर वरचा चकचकीत मुलामा पापुद्र्यासारखा सुटला आणि खालून काळपट लोखंड दिसलं. चुंबक लावला तर खट्कन चिकटला. ३०४ (नेहमीचं स्टेनलेस) आणि ३१६ या दोन्ही ग्रेडना चुंबक चिकटत नाही, किंवा घडणीत ताण पडला असेल तर हलकासा ओढला जातो. म्हणजे चुंबकाने ३०४ आणि ३१६मधला फरक कळणार नाही, तो फरक मॉलिब्डेनमचा आहे, ३१६मध्ये ते २ ते ३ टक्के असतं. पण मुलामा दिलेलं लोखंड चुंबक नक्की पकडतो.

पैसे परत मागितले तेव्हा आधी 'बसवलेला माल परत नाही', मग 'बसवण्यात तुमची चूक'. आजीवन वॉरंटीत गंज, स्क्रू आणि प्लास्टिकची झीज धरलेली नाही असं कळलं. मग उरतं काय? शेवटी अभिप्राय काढून टाकला तर थोडे पैसे देतो, असा निरोप आला. मी नाही म्हटलं. तेव्हा त्या मालाचे जुने अभिप्राय चाळले, तर फोटोंत चक्क सायकलचे दिवे होते. दुसऱ्याच वस्तूच्या पानावर माल बदलून तेच तारे पुढे वापरले होते.

पैसे मिळाले ते पेमेंट कंपनीकडे 'वर्णनाशी न जुळणारा माल' अशी तक्रार केल्यावर. ३१६ लिहिलेल्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट, कडीला चिकटलेला चुंबक आणि उघड्या बुडाचा फोटो, एवढं पुरेसं झालं. 'होल्डर तुटला' अशी तक्रार केली असती तर पुन्हा बसवण्याच्या चुकीवरच वाद गेला असता. म्हणून ऑर्डर देतानाच जाहिरातीचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, तक्रार आली की ते वर्णन बदलतात.

माल हातात आला की ड्रिलला हात लावण्याआधी चुंबक लावा. नळीत पाणी भरून उभी धरा, थेंबसुद्धा गळता कामा नये. होल्डर लाकडी फळीवर बोल्टने आवळा, रॉड अडकवा आणि टोकाला ताणकाटा (स्प्रिंगचा वजनकाटा) लावून ड्रॅगइतकं बाजूला ओढा. दाते घसरत असतील तर ते पाण्यावर जाण्याआधीच घरी घसरू देत. आपली रील त्यात बसते का तेही बघा: स्पिनिंग रील खाली लटकते, तिच्या मानेला खाच हवी, आणि बेटकास्टरच्या (रील वर बसते त्या रॉडच्या) मुठीखालचा ट्रिगर अरुंद नळीत अडकतो. मग सीटवर बसून वल्हं मारून बघा, होल्डरला लागायला नको. बसवताना आत हात पोचत असेल तिथे बोल्ट, रुंद वॉशर आणि लॉकनट. हात पोचत नसेल तिथे आतून तीन पायांनी फाकणारे रिव्हेट किंवा रबरी वेलनट (बोल्ट आवळला की आत फुगून पकडणारा नट). कयाकला आधीच ट्रॅक (सामान सरकवून बसवायची पट्टी) असेल तर भोक न पाडता त्यातच बसणारा होल्डर घ्या.

माझ्या कयाकच्या मोठ्या भोकांत आता बंद बुडाच्या, रुंद कडीच्या नळ्या बसवल्यात. स्क्रूची भोकं पॉलिइथिलिनच्याच काडीने वेल्ड करून घेतली. त्या विक्रेत्याचं नाव बदललंय, पण बादलीचा व्हिडिओ तोच आहे. नळीचा खालून काढलेला एकही फोटो नसेल, तर आधी तो मागा. दिला नाही तर ऑर्डर देऊ नका.