एस्सिटालोप्राम काही महिने घेतल्यावर : कशाला घाबरावं, कशाला नाही

डॉक्टरांनी चिंतेसाठी एस्सिटालोप्राम लिहून दिली आहे, पट्टी घरात येऊन पडली आहे आणि पहिली गोळी घ्यायचं धाडस होत नाही, अशांसाठी हे लिहितेय. मी दिवाळीनंतर सुरू केली, आता गणपती होऊन गेलेत. एवढ्या काळात जे अनुभवलं ते चांगलं-वाईट दोन्ही सांगते.

मी कराडजवळच्या एका पतसंस्थेत कॅश काउंटरला बसते. निदान जनरलाइज्ड अँक्झायटी डिसऑर्डरचं, म्हणजे सतत कशा ना कशाची चिंता लागून राहणं. त्याआधी छातीत धडधडतं म्हणून ईसीजी, टू-डी इको सगळं झालं, रिपोर्ट नॉर्मल. थायरॉइडही तपासलं. ते तपासून घ्याच, कारण थायरॉइड वाढलं तरी धडधड, घाम, हात थरथरणं अगदी असंच होतं.

घरात कळल्यावर सासूबाई म्हणाल्या, "या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत गं. नको घेऊस." त्यांचं बोलणं मला उडवून लावता येईना. त्यांच्या थोरल्या बहिणीला झोप येत नाही म्हणून कधीतरी अल्प्राझोलाम सुरू झाली होती आणि ती म्हातारपणापर्यंत सुटली नाही. आईंनी ते डोळ्यांनी पाहिलंय. मी हा प्रश्न जसाच्या तसा डॉक्टरांना विचारला आणि त्यांनी जे समजावलं, ते प्रत्येक पेशंटला पहिल्याच दिवशी सांगायला हवं असं मला कळकळीने वाटतं.

चिंतेसाठी साधारण दोन वेगळ्या प्रकारच्या गोळ्या देतात. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्या तासाभरात शांत करतात, पण रोज घेत राहिलं तर शरीराला त्यांची सवय लागते. एस्सिटालोप्राम त्या जातीतली नाही. ती घेतल्या घेतल्या काहीच जाणवत नाही, गुंगी नाही, तलफ येत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. म्हणजे आईंची भीती खरी होती, फक्त ती दुसऱ्या गोळीची होती.

गोंधळ वाढतो तो आपल्याकडे या दोन्ही औषधांची एकत्र गोळी सर्रास मिळते म्हणून. नावापुढे बहुधा 'प्लस' असं काहीतरी असतं. अशी गोळी महिनोन् महिने घेणाऱ्याला आपण क्लोनाझेपामही घेतोय याचा पत्ताच नसतो. पट्टीची मागची बाजू वाचा. तिथे दोन औषधांची नावं असतील तर डॉक्टरांना विचारा की दोन्ही किती दिवस चालू ठेवायची आहेत. पण घाबरून परस्पर बंद मात्र करू नका, क्लोनाझेपाम एकदम थांबवली तर फिटसुद्धा येऊ शकते. मला दोन्ही वेगवेगळ्या लिहून दिल्या होत्या. क्लोनाझेपाम फक्त सुरुवातीचे काही आठवडे, तीही कमी करत नेऊन बंद केली.

सुरुवात ५ मिलिग्रॅमने. म्हणजे १० ची गोळी मधल्या रेघेवर मोडायची, अर्धी घ्यायची, उरलेली अर्धी पट्टीच्याच चांदीत दुमडून ठेवायची. पहिला आठवडा कठीण गेला. मळमळ, सारख्या जांभया, जबडा आवळल्यासारखा, पहाटे तीनला टक्क जाग. आणि चिंता चक्क वाढली. या टप्प्यावर बरेच जण 'मला ही गोळी सोसत नाही' म्हणून सोडतात. सुरुवातीला असं होऊ शकतं हे आधीच सांगितलेलं होतं, म्हणून मी टिकले. नाश्त्यानंतर घ्यायला लागल्यावर मळमळ कमी झाली. घरात पंचविशीच्या आतलं कुणी ही गोळी सुरू करत असेल तर पहिले काही आठवडे त्याच्यावर प्रेमाने लक्ष ठेवा. या वयात काही जणांमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा इशारा अमेरिकेतल्या औषध नियामकाने २००४ साली मुलांसाठी दिला आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांनाही लागू केला. असं काही जाणवलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात.

फरक पडायला महिना-दीड महिना गेला. मला तो स्पष्ट दिसला मार्चअखेरीला. संध्याकाळी कॅश जुळेना, पाचशेचा फरक. पूर्वी अशा वेळी कान तापायचे, बोटं ओली व्हायची, नोटा एकमेकींना चिकटायच्या आणि मोजणी पुन्हा पुन्हा चुकायची. त्या दिवशी मी बंडलं सोडली, पाणी प्यायले आणि पुन्हा मोजायला बसले. पाचशेच्या एका बंडलात नोट जास्तीची निघाली. बोटं कोरडी होती. गोळीने मला काय दिलं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगते.

विचार मात्र गोळीने बदलत नाहीत. लेकाने फोन उचलला नाही की माझ्या डोक्यात थेट अपघात, हे चालूच होतं. ते बदललं समुपदेशनामुळे. सीबीटी म्हणतात ती पद्धत. मनात आलेला विचार वहीत लिहायचा, त्याच्या बाजूने आणि विरुद्ध काय पुरावा आहे ते मांडायचं. गोळीआधी मला ती वही उघडायचंही त्राण नव्हतं. दोन्हींचा खर्च परवडत असेल तर दोन्ही करा. गोळी तशी महाग नाही. ती राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे, आणि जनऔषधी केंद्रात आणखी स्वस्त पडते.

आता ज्याबद्दल बायका बोलत नाहीत आणि डॉक्टरही आपणहून विचारत नाहीत ते. शरीरसंबंधांची इच्छा कमी झाली आणि सुखाच्या टोकापर्यंत पोहोचणं अवघड झालं. हा या गोळ्यांचा अगदी नेहमीचा दुष्परिणाम आहे, पुरुषांनाही होतो. नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याच्या मनावरचं ओझं उतरलं, त्याला वाटत होतं माझं मन उडालं. डॉक्टरांना सांगा. डोस कमी करणं, औषध बदलणं असे उपाय असतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण कित्येक जण नेमक्या याच कारणाने गुपचूप गोळी सोडून देतात.

भावना थोड्या बोथट झाल्या हेही खरं. विसर्जनाला दरवर्षी माझे डोळे भरून येतात, यंदा आले नाहीत. मला ते खटकलं आणि अजूनही खटकतं. वजन किंचित वाढलं, घाम जास्त येतो. एवढं निभावता येतं.

सवय लागत नाही म्हणजे वाटेल तेव्हा सोडता येते असं नाही. उन्हाळ्यात गावी मुक्काम लांबला, गोळ्या संपल्या आणि तिथल्या मेडिकलमध्ये मिळेनात. रक्तातलं हे औषध साधारण तीस तासांत निम्म्यावर येतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चक्कर, चिडचिड, आणि मान वळवली की डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखं. गोळी मिळाल्यावर थांबलं. तेव्हापासून प्रवासाला निघताना जादा पट्टी घेते. गुडघेदुखी, दातदुखीसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर ही गोळी चालू आहे हे आवर्जून सांगा. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांबरोबर रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते आणि ट्रामाडॉल ही दुखण्यावरची गोळी हिच्याबरोबर धोक्याची ठरू शकते. एस्सिटालोप्रामने वयस्क माणसांच्या रक्तातलं सोडियम उतरू शकतं.

'मेंदूत सेरोटोनिन कमी पडतं, ते गोळी भरून काढते' असं तुम्हालाही कुणीतरी सांगेल. गोळी सेरोटोनिनवर काम करते हे खरं, पण त्याच्या कमतरतेमुळेच चिंता होते असं सिद्ध झालेलं नाही. माझ्या डॉक्टरांनी हे सरळ मान्य केलं, आणि त्यामुळे माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला.

बरं वाटायला लागल्यावरही सहा महिने ते वर्षभर गोळी चालू ठेवतात, लवकर थांबवली तर त्रास उलटण्याची शक्यता जास्त असते. पुढच्या भेटीत कमी करण्याविषयी बोलायचं ठरलंय. माझं मत मी आत्ताच पक्कं केलंय : कमी करायची ती हळूहळू, पुन्हा अर्ध्या गोळीवर येत, आणि मार्चअखेर उलटून गेल्यावरच. आईंनाही हे सांगितलंय. त्या आता जेवणाच्या टेबलावर माझी पट्टी दिसली की किती उरल्यात ते बघतात आणि संपत आल्या असतील तर आठवण करतात.