चुंबकी कणांचा पेशी-विलगीकरण संच: वर्षभराच्या वापरानंतर

रक्तातील मोनोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वेगळ्या काढण्यासाठी आमच्या प्रयोगशाळेत वर्षभर एक चुंबकी संच वापरात आहे. त्यातील कण सुमारे ५० नॅनोमीटरचे आहेत: आत आयर्न ऑक्साइडचे स्फटिक, त्यावर डेक्स्ट्रान या शर्करेच्या बहुवारिकाचे आवरण आणि बाहेर सीडी१४ हे मोनोसाइटच्या पृष्ठभागावरील प्रथिन ओळखणाऱ्या अँटिबॉडी. स्फटिक इतके लहान असतात की चुंबक दूर होताच त्यांचे चुंबकत्वही उरत नाही, त्यामुळे कणांच्या गुठळ्या होत नाहीत.

विलगीकरणाच्या कामात हा संच मला मनापासून आवडला. पेशी कणांसह १५ मिनिटे थंड ठेवायच्या, धुवायच्या आणि चुंबकात बसवलेल्या कॉलममधून (पोलादी गोळ्या भरलेल्या नळीतून) सोडायच्या, एवढेच काम असते. एवढ्या बारीक कणांना नुसता चुंबक पुरेसा खेचू शकत नाही; कॉलममधील पोलादी गोळ्यांच्या भोवती चुंबकी क्षेत्र जागोजागी झपाट्याने बदलते, म्हणून कण लागलेल्या पेशी तेथे अडकतात. मात्र बफरमध्ये, म्हणजे पेशी ज्या द्रावणात असतात त्यात, विरघळलेली हवा आधी काढून घ्यावीच लागते. एकदा ती राहिली, कॉलममध्ये बुडबुडे धरले, थेंब अडखळत पडू लागले आणि कॉलम चुंबकात असतानाच मी दट्ट्या दाबला. अडकलेल्या मोनोसाइट नको असलेल्या पेशींबरोबर वाहून गेल्या आणि पुन्हा न मिळणारा नमुना हातचा गेला. माहितीपत्रकात याबद्दल ठळक इशारा असायला हवा होता.

माझी खरी तक्रार प्रतिमांकनाविषयी (इमेजिंगविषयी) आहे. याच कणांमुळे पेशी एमआरआयमध्ये दिसतील, असे पत्रकात सुचवले आहे. आम्ही लोह निळे दाखवणाऱ्या प्रुशियन ब्लूने रंगवून पाहिले, तेव्हा पेशींवर विरळ निळे ठिपके दिसले, कारण पृष्ठभागावर चिकटलेल्या कणांतून मिळणारे लोह फारच थोडे असते. वेगळे आयर्न ऑक्साइड प्रोटामाइन सल्फेटसह (कण पेशीत शिरायला मदत करणाऱ्या पदार्थासह) पेशींच्या आत पोहोचवले, तेव्हा मात्र पेशीद्रव्य गडद निळे झाले आणि अॅगारोजच्या जेलमध्ये ठेवलेल्या पेशी टी२* प्रतिमेत (लोहाला संवेदनशील अशा एमआरआय प्रतिमेत) काळ्या डागासारख्या स्पष्ट उमटल्या. तोही डाग जपून वाचावा लागतो. प्राण्याच्या शरीरात सोडलेली पेशी मेली, तरी तिचे लोह मॅक्रोफेज (मृत पेशी गिळणाऱ्या भक्षक पेशी) गिळतात आणि डाग तसाच दिसत राहतो. शिवाय जुना रक्तस्रावही असाच काळा दिसतो.

तेव्हा पेशी वेगळ्या करण्यासाठी हा संच अवश्य घ्यावा. ज्यांना मोनोसाइट पुढे उत्तेजित करून अभ्यासायच्या आहेत, त्यांनी सीडी१४ला हातच न लावणारा, इतर पेशी बाजूला काढणारा संच निवडावा. प्रतिमांकनाचे ते वाक्य पत्रकातून काढावे, असे मी कंपनीला लेखी कळवले आहे.