एसडीके पॅकेजेस: स्टुडिओतून की टर्मिनलमधून?

लातूर-नांदेडकडं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अँड्रॉइड शिकत असाल, तर एसडीके पॅकेजेस, म्हणजे अ‍ॅप बनवायला लागणारी टूल्स आणि फायली, घेण्याआधी डेटाचा हिशोब बघा. अँड्रॉइड स्टुडिओ, म्हणजे अ‍ॅप लिहायचं पूर्ण सॉफ्टवेअर, उतरवायलाच १ जीबीच्या वर जातो. टर्मिनलमध्ये कमांड टाइप करून चालवायची नुसती कमांड-लाइन टूल्स १५० एमबीच्या आसपास.

स्टुडिओतला एसडीके मॅनेजर नवख्याला सोपा. टिक करा, अप्लाय दाबा, लायसन्स स्वीकारा, झालं.

टर्मिनलमधला 'एसडीकेमॅनेजर' सुरुवातीला छळतो. टूल्स 'सीएमडीलाइन-टूल्स'मधल्या 'लेटेस्ट' फोल्डरात नसतील, तर त्याला एसडीकेची जागाच कळत नाही, वेगळी सांगावी लागते. बऱ्याच पॅकेजच्या नावात अर्धविराम (;) असतो. लिनक्सवर ते नाव अवतरणचिन्हांत घातलं नाही, तर शेल, म्हणजे कमांड वाचणारा प्रोग्राम, ती कमांड तिथंच तोडतो. पण एकदा बस्तान बसलं की कॉलेजच्या लॅबमधल्या सगळ्या मशीनवर एकच स्क्रिप्ट चालवा. सगळीकडं तीच आवृत्ती, लायसन्सही एका कमांडवर. लॅब सांभाळणाऱ्या सरांनी हे शिकायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. कोडपासून आपोआप अ‍ॅप तयार करणाऱ्या बिल्ड सर्व्हरवर तर स्क्रीनच नसते, तिथं हाच मार्ग.

घरच्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम असेल तर स्टुडिओ घ्या. त्याहून कमी असेल तर टर्मिनलमधून मोजकी पॅकेजेस टाका, ग्रेडल या टूलनं बिल्ड करा आणि इम्युलेटरऐवजी (कॉम्प्युटरवरच्या नकली फोनऐवजी) स्वतःचा फोन यूएसबीनं जोडा.