दोरीची मोरकी आणि 12 फुटी दोर: दिवाळीपासून पोळ्यापर्यंत वापरून आलेला अनुभव

घोडीला शिकवायला मागवलेल्या सेटचं रेटिंग आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना एवढं लांबलचक वाचायचं नाही त्यांचं काम होईल. मोरकीला (घोड्याच्या डोक्यात घालायची ती, लगामाविना) पाचपैकी पाच, दोराला साडेचार, सोबत आलेल्या काठीला दोन.

सेट दिवाळीच्या आगेमागे ऑनलाइन मागवला होता. आता पोळा तोंडावर आलाय, मधात आख्खा उन्हाळा गेला, पावसाळाही बराच झाला, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही. सेटमध्ये तीन गोष्टी येतात: एका सलग बारीक दोरीच्या गाठी मारून केलेली मोरकी, 12 फूट लांब न अंगठ्याएवढा जाड दोर ज्याच्या टोकाला चामड्याची पट्टी असते, आणि चार फुटांची फायबरची काठी. जमिनीवर उभं राहून घोड्याला शिकवायचं त्यासाठीचं हे सामान. पाठीवर बसायचं नाही, लगाम नाही, खोगीर नाही.

आमचं गाव आर्वी तालुक्यात, वर्धा जिल्हा. घरी पऱ्हाटी (कपाशी), तूर, थोडी संत्र्याची बाग, कोठ्यात गवळाऊ बैलांची जोडी आणि आता शेवंता. शेवंता काठियावाडी घोडी आहे, कान असे आत वळलेले की टोकाला टोक लागते. सारंगखेड्याच्या यात्रेतून कोणा व्यापाऱ्यानं तिला इकडं आणलं, मग काही सीझन वरातीत चालली, आणि मग माझ्या भावानं घेतली. आली तेव्हा डोक्याला हात लावू देत नव्हती. कानाजवळ हात गेला की मान आभाळात. तोंड उघडून पाहिलं तर जिभेवर आडवा जुना व्रण. वरातीच्या घोड्यांना काटेरी लगाम घालतात ना, त्याचा. ओढवाहू जनावरांच्या क्रूरता प्रतिबंधाचे 1965 चे नियम आहेत, त्यात काटेरी लगाम वापरायला चक्क मनाई आहे, तरी लग्नसराईत पाहा, सर्रास चालतो. मला हे पाहून इतका राग येते की काय सांगू. तुमच्या घरचं लग्न असेल तर घोडीवाल्याला आधी लगाम दाखवायला सांगा, एवढं तरी करा.

आणि काही शिकवायच्या आधी डॉक्टरला दाखवा हे पण सांगते. घोड्याचे दाढेचे दात आयुष्यभर वर येत राहतात न घासत राहतात, वरच्या दाढांना बाहेरच्या बाजूनं आणि खालच्या दाढांना आतून धारदार कडा येतात, त्या गालाला न जिभेला टोचतात. शेवंताला तेच होतं. कडा घासून घेतल्यावर तिचं अर्धं डोकं झटकणं तिथंच कमी झालं. दुखणाऱ्या जनावराला ट्रेनिंग देणं म्हणजे अन्याय आहे. आमच्या भागातल्या लोकांना नागपूरला सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, जवळ घोड्याचं समजणारा डॉक्टर नसेल तर तिकडं जाता येते.

आता मोरकीबद्दल. मला ही सगळ्यात जास्त आवडली ती एका साध्या कारणासाठी, ही कानावरून ओढून घालावी लागत नाही. आपली पट्ट्याची मोरकी बकल न सोडता घाईत घालतात, मग कान दुमडतात, आणि ज्या घोडीचे कान कोणी पिळून धरलेत (औषध पाजताना, नाल मारताना हे करतात लोक) तिच्यासाठी तोच रोजचा मार असतो. दोरीच्या मोरकीत नाकाचा फास खालून चढवायचा, मोकळं टोक मानेवरून पलीकडून फिरवून आणायचं आणि डाव्या बाजूला फासात ओवून गाठ मारायची. गाठ फासाच्या खालच्या अंगाला बसली पाहिजे आणि टोक डोळ्यापासून लांब, मागच्या दिशेनं. वरच्या अंगाला मारली तर ती सरकते आणि ओढ बसली की सुटता सुटत नाही. नाकपट्टी गालाच्या हाडाच्या खाली दोन बोटं. त्याहून खाली गेली तर नाकाच्या मऊ कूर्चेवर येते, आणि घोडा फक्त नाकानंच श्वास घेतो, तोंडानं घेता येत नाही त्याला, म्हणून हे हलक्यात घेऊ नका.

पण मोरकी घालण्याच्याही आधी बरेच दिवस मी नुसता हात शिकवला. खांद्याच्या वर जिथं मान सुरू होते तिथं घोडे एकमेकांना दातानं खाजवतात, तिथून सुरू केलं. तिथं हात ठेवला की ती शांत. मग हात मानेवरून एकेक वीत पुढं. तिचा चेहरा वाचायला लागते इथं: वरच्या पापणीला त्रिकोणी सुरकुती पडते, नाकपुडीचा कोपरा ताठ होते, कानांची टोकं एकमेकांपासून सुटतात. हे दिसलं की ती हलायच्या आत हात मागं. पुन्हा खांद्यावर. असं करत करत एक दिवस माझी बोटं दोन कानांच्या मधात, आयाळ जिथं संपते तिथं पोचली, तिनं मान खाली सोडली आणि नाकातून एक लांब फुरफुर केली. त्यानंतर मी काहीच केलं नाही, हात काढला न तिला सोडून दिलं चरायला. त्या दिवशीचा क्लास तेवढाच.

हेच सगळ्या पद्धतीचं मूळ आहे आणि माझ्या मते सेट विकणारे लोक हेच नीट सांगत नाहीत. दोर ताणायचा तो इतकाच की झोल जाईल. ओढायचं नाही, झटका द्यायचा नाही. मग थांबायचं. घोडी डोकं वर करेल, बाजूला बघेल, उभीच राहील, आपला ताण तेवढाच. आणि ज्या क्षणाला तिचं वजन पुढं झुकलं, पाऊल पडायच्याही आधी, दोर ढिला. घोड्याला उत्तर कळते ते ढिल्या दोरातून. तुम्ही एक सेकंद उशिरा सोडला तर तिला वाटते की डोकं झटकलं म्हणून सुटले. बारीक दोरी इथं कामाची, कारण रुंद पट्ट्यावर घोडा आरामात रेलून राहतो, बारीक दोरीचा ताण लगेच कळतो आणि गेला की गेला हेही लगेच कळते. जाड दोराला वजन आहे म्हणून नुसतं मनगट हलवलं तरी तिच्या हनुवटीखाली संदेश पोचतो.

आमच्या घरच्या आबाजींना हे पटत नव्हतं. सगळं आयुष्य बैलं हाकली, शंकरपटाला (बैलांच्या शर्यतीला) गवळाऊची जोडी घेऊन जायचे, त्यांच्या हाताला वेसणीचा कासरा माहीत. खळ्यात खाट टाकून पाहत बसायचे आणि मधूनच, "काहून सोडून राहिली वं दोर? धर ना घट्ट, पळून जाईन ते!" मी म्हणायची, "आबाजी, पाहा ना जरा, जात नाही." आणि ती खरंच जात नव्हती, दोर जमिनीला टेकलेला असायचा आणि ही माझ्या खांद्याशी. आता तेच सकाळी चहा झाला की विचारतात, "आज घोडी नाही काढली का बाई?"

अमेरिकेत टॉम डॉरन्स (1910 ते 2003) आणि त्याच्याकडून शिकलेला रे हंट या दोघांनी गुरं राखणाऱ्या लोकांमध्ये हा विचार पसरवला, तिथून तो जगभर गेला. व्हिडिओत जे गोल कुंपणात घोडा पळवत ठेवतात, 50-60 फुटांचं गोल, आणि दमला की तो माणसाकडे येतो, ते मी केलं नाही आणि करणार पण नाही. लहान गोलात सारखं पळवलं की सांध्यांवर ताण येतो, त्यात आमचं ऊन, आणि दमून आलेला घोडा विश्वासानं आला का नाइलाजानं हे कसं कळणार? तसंच ते तोंड चघळणं. घोड्यानं जीभ फिरवून चघळलं की लगेच लोक म्हणतात समजलं त्याला. ते ताण उतरल्यावर होते. म्हणजे आधी ताण होता हे पण ते सांगते. शेवंता फार चघळायला लागली की मी समजते आपण जरा जास्त दाबलं, पुढच्या वेळी कमी.

बाकी शिकवलं ते असं: दोर हलवून मागे सरकवणं, थांबलं की थांबणं, आणि मागचे पाय बाजूला टाकायला लावणं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. खांद्याजवळ उभं राहून तिचं डोकं थोडं आपल्याकडं वळवायचं आणि तिच्या मागच्या पुठ्ठ्याकडं बघत एक पाऊल टाकायचं, तिचा आतला मागचा पाय दुसऱ्या पायाच्या पुढून क्रॉस झाला की लगेच ढिल. घोड्याची सगळी ताकद मागच्या पायात, ते क्रॉस झाले की जोर लावून उधळता येत नाही. आणि प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंनी शिकवा. डावीकडून गाय झालेली शेवंता उजवीकडून नवीनच घोडी असल्यासारखी बिचकायची, सगळं पुन्हा पहिल्यापासून. घोड्याचे डोळे बाजूला असतात, जवळजवळ 350 अंश दिसते त्याला, पण कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या मागं आंधळी जागा असते, म्हणून लोक येऊन सरळ कपाळावर थाप मारतात ते बंद करा. गावच्या पोट्ट्यांना मी आधी हेच शिकवलं, खांद्याकडून या, बोलत या.

ताडपत्रीची भीती काढायला मला युक्ती सापडली ती ही की ताडपत्री तिच्याकडं न्यायची नाही, भावाला ती ओढत पुढं चालायला लावायची आणि आम्ही दोघी मागून. दूर जाणाऱ्या गोष्टीची भीती कमी वाटते, उलट उत्सुकता येते, शेवटी तीच नाक लावायला गेली. फवारणीच्या पंपाचा आवाज पण असाच, लांबून सुरू करून.

खरी परीक्षा पांदणीत (शेतात जायच्या वाटेत) झाली. दोन्ही बाजूनं पऱ्हाटी कमरेएवढी, आणि धुऱ्यावरून एक रोही (नीलगाय) उडी मारून आमच्या समोरून गेला. शेवंता जागच्या जागी बसल्यासारखी झाली, नाकपुड्या लाल, पूर्ण अंग थरथर. मी 12 फुटांतला सहा-सात फूट दोर सोडला, तिला हलायला जागा दिली, आणि पुठ्ठ्याकडं पाहून पाऊल टाकलं. मागचे पाय क्रॉस केले, एकदा, दोनदा, आणि तोंड माझ्याकडं. वर्षापूर्वी हीच घोडी रस्त्यावर ट्रॉलीचा आवाज झाला तर माणसाला फरपटत न्यायची. मला तिथंच रडू आलं होतं.

आता सामानातल्या उणिवा. काठीची दोरी महिन्याभरात उसवली, फायबर उन्हानं टोकाला चिरलं न हाताला कूस लागायला लागले. मी बांबूची गुळगुळीत घासलेली काठी वापरते आता, हात लांब करायला आणि अंगावरून फिरवायलाच तर लागते ती. दोराचा हूक पितळी म्हणून लिहिलेला, पण वरून मुलामा निघाला, पावसाळ्यात गंज आला, तो काढून टाकला आणि दोर सरळ मोरकीच्या खालच्या फासाला गाठीनं बांधला, उलट हनुवटीला लागणारं लोखंड गेलं ते बरंच झालं. दोर पाण्यानं सडत नाही पण आपली काळी माती त्याच्यात बसली की काठीसारखा कडक होतो, साध्या पाण्यात रात्रभर भिजवून धुवावा लागतो. काळ्या चिखलात तसंही काम करू नका, पाय घसरतात न खूर सारखे ओले राहून सडतात. मी पावसाळ्यात मुरमाच्या रस्त्यावर काम केलं. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा सकाळी सातच्या आत जे होईल ते, नंतर सावली, पाणी आणि मिठाचा खडा.

काही गोष्टी मात्र अजिबात करू नका. दोर हाताला गुंडाळू नका, कधीच नाही, घडी करून मुठीत धरा, हातमोजे घाला. दोरीच्या मोरकीनं घोडा खुट्याला बांधून सोडून जाऊ नका, ती तुटत नाही, घोडा घाबरून मागं ओढला तर गाठी नाकाच्या हाडावर रुततात. चरायला सोडताना पण काढून टाका, खूर अडकतो. बांधायला आपली रुंद पट्ट्याचीच बरी. आणि ही मोरकी मऊ आहे, दयाळू आहे असं जे जाहिरातीत लिहितात ते अर्धवट खरं, जोरात झटके दिले तर ही पट्ट्यापेक्षा जास्त दुखवते. धनुर्वाताची लस घोड्याला आणि स्वतःला, दोघांनाही.

डीजेसमोर शेवंता अजूनही उभी राहत नाही आणि मी तिला उभी करणारही नाही. वरातीसाठी विचारायला लोक येतात, भावानं सगळ्यांना नाही सांगितलं.

घ्यायचं असेल तर पूर्ण सेट घेऊ नका, मोरकी आणि दोर वेगळे मिळतात. काठियावाडी, मारवाडी घोड्याचं डोकं लहान न निमुळतं असते, त्यांना मोठी साइज ढगळ होते, नाकपट्टी घसरते, मधली घ्या. मोरकीची दोरी 6 मिलिमीटरच्या आसपास, दाबली तर चपटी न होणारी. दोर 12 फुटांपेक्षा कमी घेऊ नका, पांदणीत मला त्यातला एकेक फूट कामी आला.